काटेरी म्युरेक्स शंख ओळखायचा कसा? नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळी संपली की पुण्यात घरोघरी कोकणातून आणलेल्या शंखशिंपल्यांच्या पिशव्या रिकाम्या होतात आणि त्यातला एखादा काटेरी शंख घरातल्या सगळ्यांना कोड्यात टाकतो. मग फोटो येतात, "ताई हा कोणता?" असं विचारलं जातं, आणि बरेचसे प्रश्न तेच असतात म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढे ती सारखी येणार आहे: काट्यांवर जाऊ नका. ते सगळ्यात आधी नजरेत भरतात, पण ओळख पटवायला तोच सगळ्यात कच्चा पुरावा आहे, कारण काटे तुटतात, झिजतात आणि एकाच जातीत कमीजास्त लांब असतात.

म्युरेक्स म्हणजे नक्की काय? शंख की गोगलगाय?

दोन्ही. समुद्रातली गोगलगाय आणि तिच्या पाठीवरचा शंख. म्युरिसिडी हे हिचं कुळ, त्यात जगभर दीड हजाराहून जास्त जाती आहेत आणि त्या शिकारी म्हणूनच ओळखल्या जातात. पण सगळ्यांना काटे असतात असं नाही हं, ओहोटीच्या वेळी कोकणातल्या खडकांवर चिकटलेल्या त्या गाठीगाठींच्या जाड छोट्या गोगलगायी दिसतात ना, त्यातल्या पुष्कळशा याच कुळातल्या.

माझ्याकडचा काटेरी शंख म्युरेक्सच आहे का, हे पटकन कसं बघायचं?

शंख हातात धरा, कळस वर आणि तोंड आपल्याकडे. आता खाली बघा, तोंडाच्या खालून एक नळी निघते का? खऱ्या म्युरेक्सची ही नळी लांब, सरळ आणि जवळजवळ बंद असते, पुढच्या बाजूला फक्त एक बारीक फट दिसते, आणि बऱ्याच जातींत नळीची लांबी बाकीच्या शंखाइतकी किंवा त्याहून जास्त असते. हिच्यातून गोगलगाय आपली मऊ नलिका, म्हणजे सायफन, बाहेर काढून पाण्याचा वास घेते आणि शिकार शोधते.

मग तोंड बघा. लहान, अंडाकृती, आणि कडा स्वच्छ उठलेल्या. आतल्या बाजूचा खांब गुळगुळीत असतो, त्यावर आडव्या घड्या नसतात. पूजेतल्या शंखाच्या तोंडात बोट घालून बघा, तिथे तीन-चार ठळक घड्या बोटाला लागतात, इथे लागणार नाहीत.

आणि शेवटची, सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे वॅरिक्स. शंखाच्या कळसापासून खालपर्यंत उभे जाड कंगोरे जातात, त्यांना वॅरिक्स म्हणतात, मोठे काटे याच कंगोऱ्यांवर उगवलेले असतात. शंख फिरवा आणि कळसाकडून खाली बघा, छताच्या पंख्याची तीन पाती दिसतात तसे तीन कंगोरे एकमेकांपासून १२० अंशांवर दिसले तर तुम्ही म्युरेक्स किंवा त्याच्या अगदी जवळच्या नातेवाइकापाशी आलात. काटे मोजण्यात वेळ घालवू नका, कंगोरे मोजा.

पण तीनच का?

कारण ही गोगलगाय थांबत थांबत वाढते. शंखाचा साधारण एक तृतीयांश वेढा ती भराभर बांधते, मग थांबते, आणि थांबल्यावर तोंडाची कड जाड करून त्यावर काटे उभारते. जो कंगोरा आज शंखाच्या पाठीवर दिसतो तो कधीकाळी तोंडाची कड होता. पुढच्या वेळी परत एक तृतीयांश वेढा, परत थांबा, परत काटे. असे तीन थांबे झाले की एक वेढा पूर्ण. आता अडचण अशी येते की नवा भाग बांधताना जुने काटे तोंडाच्या आड येतात, मग ती काय करते तर तेच काटे आपल्या मांसल कडेने विरघळवून टाकते आणि वाट मोकळी करते! स्वतःच बांधलेलं घर स्वतः तासून पुढे वाढवणारा हा प्राणी आहे, आणि हे कळल्यापासून मला तर कुठलाही म्युरेक्स हातात आला की आधी त्याचे थांबे शोधावेसे वाटतात.

काटा जवळून बघायचा असेल तर टेबल लॅम्पखाली भिंग घेऊन बसा. काटा बाहेरून भरीव वाटतो पण तोंडाच्या बाजूने त्यावर एक बारीक उभी खोबण असते, काही काट्यांत ती पूर्ण मिटलेली, काहींत अजून उघडी. गोगलगायीच्या मांसल कडेची एक घडी बाहेर येते, तिच्याभोवती चुना साठत जातो आणि काटा तयार होतो, ती खोबण म्हणजे त्या घडीची राहिलेली जागा. समुद्री साळ्याचा म्हणजे सी अर्चिनचा सुटा काटा आणि म्युरेक्सचा तुटलेला काटा यांत गोंधळ झाला तर हीच खोबण कामाला येते.

काट्यांचा तिला उपयोग काय?

मासे आणि खेकडे यांच्यापासून बचाव हे तर आहेच, काट्यांमधल्या पोकळीसकट एवढा मोठा काटेरी ऐवज तोंडात घ्यायचा किंवा नांगीत धरायचा म्हणजे अवघड काम. शिवाय मऊ वाळू-चिखलात राहणाऱ्या जातींना लांब काट्यांमुळे तळाशी आधार मिळतो, असंही मानतात.

काटे सगळे तुटलेत. आता ओळखता येईल का?

येईल, आणि खरं सांगायचं तर किनाऱ्यावर मिळालेला म्युरेक्स बहुतेक वेळा असाच असतो. या गोगलगायी किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात पण पाण्याखालच्या वाळू-चिखलात राहतात, त्यामुळे चांगला शंख मिळतो तो हर्णै, मिरकरवाडा किंवा ससून डॉकसारख्या बंदरांवर, जाळ्यातून मासळीसोबत वर आलेल्या आणि बाजूला टाकलेल्या ढिगात. लाटांनी लोळवत किनाऱ्यावर आणलेल्या शंखाचे काटे गेलेले असतात, नळी अर्धी मोडलेली असते, रंग उडालेला असतो.

अशा शंखावर अंगठा फिरवा. तुटलेल्या काट्याच्या जागी गोल किंवा लांबट खुंट लागतो, आणि हे खुंट कुठेही विखुरलेले नसतात, कंगोऱ्यावर एका ओळीत असतात. कंगोरे तीन आहेत, दोन कंगोऱ्यांच्या मधे बारीक उभ्या घड्या आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेषा आहेत, खाली नळीची सुरुवात तरी शिल्लक आहे, एवढं पुरे. गट नक्की सांगता येतो. जात सांगणं मात्र कठीण जातं आणि अशा वेळी उगाच नाव चिकटवू नये, "म्युरेक्स, झिजलेला" एवढं लिहून ठेवणं जास्त प्रामाणिक.

हर्णैहून आणलाय, काटे आहेत, पण शंख चपटा वाटतो आणि काटे फक्त दोन्ही बाजूंना आहेत. हा म्युरेक्सच ना?

नाही, आणि पुण्यात सगळ्यात जास्त चुकीची ओळख याच शंखाची होते म्हणून जरा सविस्तर लिहिते. हा बहुतेक बेडूक शंख, फ्रॉग शेल. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर बुफोनारिया एकिनाटा नावाची जात जाळ्यात भरपूर येते, जुन्या पुस्तकांत ती बुर्सा स्पायनोसा नावाने सापडेल. काटे चांगले लांब असतात, आकारही हातात मावेल असा, त्यामुळे फसायला होतं.

फरक कुठे? कंगोरे मोजा. बेडूक शंखाला एका वेढ्यात दोनच कंगोरे असतात, समोरासमोर, आणि वरच्या वेढ्याचा कंगोरा खालच्या वेढ्याच्या कंगोऱ्यावर बसतो म्हणून दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत सलग काटेरी धार दिसते आणि शंख चपटा वाटतो. टेबलावर ठेवला की तो आरामात आडवा बसतो. दुसरी खूण तोंडात आहे: तोंडाच्या वरच्या कोपऱ्यात आणखी एक वेगळी खाच किंवा छोटी नळी असते, म्हणजे खाली एक आणि वर एक. खऱ्या म्युरेक्सला वरची ती नळी नसते. या दोन गोष्टी जुळल्या की विषय संपला.

गंमत म्हणजे लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ मध्ये शास्त्रीय नावं दिली तेव्हा त्यानेही बेडूक शंख म्युरेक्समध्येच टाकले होते, वेगळे ते नंतर केले गेले. त्यामुळे घरात जुनं पुस्तक किंवा जुनं लेबल असलेला संग्रह असेल तर त्यावरचं म्युरेक्स हे नाव डोळे झाकून घेऊ नका.

याला सहा-सात लांब बोटं आहेत, हा मोठा म्युरेक्स का?

हा लँबिस, स्पायडर कॉंच. याची बोटं फक्त तोंडाच्या बाहेरच्या कडेवर असतात, पाठीवर कंगोरे नसतात, तोंड लांबलचक आणि कड पसरट. शिकारीही नाही, शेवाळ खाऊन राहतो. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात म्हणून घोळ होतो, एकदा नीट बघितलंत की परत होणार नाही.

कोकणातल्या म्युरेक्सची जात कशी ठरवायची? ट्रापा, ट्रिब्युलस, पेक्टेन अशी नावं ऐकलीत.

गट ठरल्यावर, आणि शंख धड असेल तरच, काट्यांकडे वळायचं.

म्युरेक्स ट्रापा आपल्याकडे जाळ्यात येणारी नेहमीची जात. रंग मातकट, तपकिरी ते करडा. काटे आखूड आणि विरळ, नळीवर वरच्या भागात थोडेसे काटे आणि खालचा भाग मोकळा. वेढ्यांचे खांदे कोनदार. दिसायला भपकेबाज नाही म्हणून लोक बाजूला टाकतात, पण कोकणातला म्हणून आणलेल्या शंखात मी आधी याचाच विचार करते.

म्युरेक्स ट्रिब्युलसचे काटे त्यामानाने बरेच लांब, टोकदार आणि सरळ, नळीवरही आणखी खालपर्यंत जातात, रंग फिकट.

म्युरेक्स पेक्टेन म्हणजे तो प्रसिद्ध व्हीनस कोंब, व्हीनसचा कंगवा. शंभराहून जास्त काटे, दाट, लांब, किंचित वळलेले आणि नळीच्या टोकापर्यंत एका मापात ओळीने लावलेले. १० ते १५ सेंटिमीटरचा पूर्ण शंख, एकही काटा न मोडलेला, शोकेसमध्ये बघितला की डोळे तिथून हलत नाहीत. पण हा तुम्हाला अलिबागच्या वाळूत सापडला असं कुणी सांगितलं तर आधी विचारा की विकत कुठून घेतला, कारण बाजारात येणारे असे धड नग मुख्यतः फिलिपिन्सकडून येतात.

लांब नळी आहे, तोंड छोटं गोल आहे, तीन कंगोरे आहेत पण काटे जवळपास नाहीतच, असा शंख असेल तर तो हॉस्टेलम असू शकतो. तोही याच घरातला. बघा, काट्यांवर गेलात तर हा हातातून निसटला असता.

तुळशीबागेतून मोठा, जड शंख घेतला, काटे फाटे फुटलेले आणि तोंडाशी गुलाबी झाक. हा कोण?

चिकोरियस रॅमोसस असण्याची शक्यता खूप. म्युरिसिडी कुळातल्या सगळ्यात मोठ्या जातींपैकी एक, फूटभरापर्यंत वाढतो. शंख जाड, काटे सुईसारखे बारीक नसून रुंद, झालरदार, वर वळलेले. कंगोरे याचेही तीनच. भारतात मन्नारच्या आखातात तो मिळतो. याच्या तोंडावरचं तपकिरी झाकण धुपासाठी आणि सुगंधी द्रव्यांत वापरतात, आयुर्वेदात नख म्हणून ज्याचा उल्लेख येतो ते अशाच समुद्री गोगलगायींचं झाकण.

माझा शंख पातळ आहे, काटे छोटे आहेत. वेगळी जात की पिल्लू?

तोंडाची बाहेरची कड बघा. कड कागदासारखी पातळ आणि धारदार असेल तर ती गोगलगाय दोन थांब्यांच्या मधे, वाढीच्या काळात मेली. कड जाड आणि काटेरी असेल तर थांबा पूर्ण झालेला. वेढे मोजा, आकार मोजा, आणि पातळ कडेच्या शंखावरून जात ठरवायची घाई करू नका.

शिकारी आहे म्हणता, पण करते काय? आणि हे शंखावरून कळतं का?

तिच्या स्वतःच्या शंखावरून कमी आणि तिने खाल्लेल्यांच्या शंखावरून जास्त! किनाऱ्यावर तिसऱ्यांच्या शिंपल्यांत एक नीटस गोल भोक पाडलेलं दिसतं, मुली त्यात दोरा ओवून माळा करतात, ते भोक म्हणजे खुनाची जागा. या कुळातल्या अनेक गोगलगायी पायातल्या एका ग्रंथीतून आम्लासारखा द्रव सोडून शिंपला मऊ करतात, मग दातेरी जिभेने, जिला रॅड्युला म्हणतात, तो खरवडतात, परत द्रव, परत खरवडणं, असं तासन् तास, कधी दिवसापेक्षाही जास्त. भोक पडलं की सोंड आत घालून मांस खायचं. काही मोठ्या जाती भोक पाडायच्या भानगडीत न पडता शिंपल्याची कडच फोडतात.

भोक नीट बघा, हे मला फार आवडतं. भोकाच्या भिंती सरळ असतील, म्हणजे बाहेर आणि आत जवळपास सारखीच रुंदी, तर काम बहुतेक म्युरेक्सच्या कुळातलं. बाहेर रुंद आणि आत अरुंद, कड तिरकी तासलेली असेल तर ते मून स्नेलचं, म्हणजे त्या गोल गुळगुळीत वाळूतल्या गोगलगायीचं. एका वाटीत दोन्ही प्रकारचे शिंपले ठेवा आणि मुलांना भिंग द्या, अख्खी दुपार जाते.

विषारी आहे का? हातात घ्यावा का?

ती भक्ष्याला सुस्त करणारं रसायन सोडते, पण माणसाला डंख मारत नाही. रिकाम्या शंखापासून धोका फक्त काट्यांचा, आणि तो मात्र खरा आहे, ओल्या बंदरावर पायात घुसलेला काटा हलक्यात घेऊ नका, जखम स्वच्छ धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. जपायचं खरं तर दुसऱ्याला: सुबक, गुळगुळीत, शंकूच्या आकाराचा कोन शंख जिवंत असेल तर उचलूच नका, त्यातल्या काही जातींचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो.

राजेशाही जांभळा रंग यातूनच काढायचे ना?

याच कुळातून, पण आपल्या जातींतून नाही. भूमध्य समुद्रातल्या बोलिनस ब्रँडारिस आणि हेक्साप्लेक्स ट्रंक्युलस या दोन त्यातल्या मुख्य, आणि आजच्या लेबनॉनमधलं टायर हे शहर त्यासाठी गाजलेलं. ग्रंथीतला फिकट द्रव हवेत आणि उन्हात हिरवा, निळा होत जांभळा होतो. १९०९ मध्ये पॉल फ्रीडलेंडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगायींमधून जेमतेम १.४ ग्रॅम रंग मिळवला आणि त्याची रचना शोधली, तर तो निघाला आपल्या निळीचाच भाऊबंद, फक्त ब्रोमिन जोडलेला. कोकणातला शंख घासून जांभळा रंग निघेल म्हणून प्रयोग करत बसू नका.

ओळखीसाठी फोटो कसे पाठवायचे?

तीन फोटो तरी हवेतच. कळस वर आणि तोंड समोर असा एक, तसाच उलटा करून पाठीचा एक, आणि कळसाकडून सरळ खाली बघून एक. हा तिसरा फोटो कुणीच काढत नाही आणि कंगोरे नेमके त्यातच दिसतात. शेजारी पट्टी ठेवा, नाणं नको. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड, खाली गडद साधा कपडा. आणि कुठे मिळाला ते लिहा: किनारा, बंदर की दुकान. "गोवा ट्रिप" एवढ्याने काही होत नाही हो.

मोबाईलच्या ॲपने सांगितलं व्हीनस कोंब. खरं मानू?

ॲप काटे बघतं. तुम्ही कंगोरे आणि तोंड बघा, मग ठरवा.

बंदरावर मिळालेला शंख जड लागतोय, आत काहीतरी आहे. आणू का?

तोंडाशी तपकिरी झाकण घट्ट बसलेलं असेल तर गोगलगाय आत आहे आणि बहुधा जिवंत आहे. झाकणाऐवजी नांग्या दिसल्या तर संन्यासी खेकड्याने घर केलंय. दोन्ही वेळा परत पाण्यात सोडा, प्लीज. संग्रहात एक शंख कमी राहिला तर काही बिघडत नाही.

कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ मध्ये काही शंखशिंपले घातले गेले, त्यात हॉर्न्ड हेल्मेट, मोठा ट्रायटन, नॉटिलस, जायंट क्लॅमच्या जाती आणि लँबिसच्याही काही जाती आहेत. साधे म्युरेक्स त्यात नव्हते, पण ओळख पटल्याशिवाय विकत घेऊ नये ते यासाठीच, लँबिसला म्युरेक्स समजून घेतलात तर नसती आफत.

घरी आणला आणि दोन दिवसांत वास सुटलाय!

आत मांस राहिलंय. पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढून पूर्ण वितळू द्या, मग वाकड्या पिनेने हळूहळू फिरवत ओढा. वर कुठेतरी तुकडा राहिलाच तर गच्चीवर तोंड खाली करून ठेवा, मुंग्या उरलेलं काम करतात. झाकण निघालं तर टाकू नका, धुऊन शंखासोबत ठेवा, ओळखायला तेही उपयोगी पडतं. व्हिनेगर, लिंबू, बाथरूम साफ करायचं ॲसिड यातलं काहीही लावायचं नाही, शंख म्हणजे चुना, आम्लाने तो विरघळतो आणि आधी जातात ते बारीक काटे आणि रेषा. मऊ ब्रश, साधं पाणी आणि दाताची काडी, बस.

शोकेसमधल्या शंखांवर पांढरी पावडर धरतेय, बुरशी आहे का?

बुरशी नाही. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, पुठ्ठा यांतून आम्लाची वाफ हळूहळू सुटते, ती शंखातल्या चुन्यावर काम करते आणि पांढरे क्षार वर येतात, याला बाईन्स डिसीज म्हणतात. पुण्याचा पावसाळा, बंद काचेचं कपाट आणि नवीन प्लायवूड हे तिन्ही एकत्र आले की त्रास वाढतो. शंख धुवा, पूर्ण सुकवा, आणि त्या कपाटातून काढून प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या डबीत ठेवा. परत त्याच कपाटात ठेवलेत तर परत तेच होणार.

पुण्यात कुणाला दाखवता येईल का?

भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आपल्याच आकुर्डीत आहे. तिथे संशोधनाचं काम चालतं, त्यामुळे शंख घेऊन थेट जाऊन उभे राहू नका, आधी लिहून विचारा आणि वर सांगितलेले तीन फोटो जोडा.

आणि तोपर्यंत एक चिठ्ठी शंखासोबत डबीत टाका: कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, जाळ्यात की वाळूवर, कुणाकडून. पेन्सिलने लिहा, शाई पावसाळ्यात पसरते.